ग्रीसमध्ये ग्राफीन: चिमूटभरच टाका, पण नीट मिसळा

पाऊस असा कोसळतोय, ठाणे-बेलापूर रोड तुंबलाय, तरी महापे तुर्भ्याहून माणसं आलीत, त्यामुळे प्रस्तावना वगैरे नको, सरळ सुरू करतो. गेल्या वर्षभरात प्रत्येक सेल्समन एक काळा डबा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो साहेब, ग्राफीनवालं ग्रीस. महाग असतं. घ्यावं का, हा प्रश्न.

आधी ग्रीस म्हणजे काय ते बघू. आपल्याला वाटतं ते घट्ट तेल आहे, पण तसं नाही, ७० ते ९० टक्के साधं बेस ऑइलच असतं आणि ते धरून ठेवायला साबणाच्या तंतूंची जाळी असते, आपल्याकडे बहुतेक लिथियमची. स्पंज पाणी धरतो ना, तसंच. बेअरिंग फिरायला लागलं की जाळी थोडं थोडं तेल सोडते आणि काम ते तेल करतं. पण मशीन चालू-बंद होताना, लोड जास्त आणि स्पीड कमी असताना तेलाचा थर तुटतो, धातूला धातू घासतो, आणि ग्राफीनचा उपयोग असेल तर तो इथेच.

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा एकच पापुद्रा, कार्बनच्या एका अणूच्या जाडीचा. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी तो चक्क चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून काढला, २०१० चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. ग्राफाइटमधे असे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर बसलेले असतात, एकमेकांवरून सहज सरकतात, पेन्सिल कागदावर उमटते ती त्यामुळेच. बारीक पापुद्रे असले तर ते घासणाऱ्या दोन पृष्ठभागांच्या मधे शिरतात, तिथल्या खाचा भरतात, वर एक पातळ थर बसवतात, आणि मग धातू ऐवजी पापुद्रे घासले जातात.

आता खरी गंमत. चांगलं म्हणून जास्त टाकायचं नाही. प्रयोगांमधे फायदा दिसतो तो बहुतेक वेळा ०.०५ ते ०.५ टक्क्यांच्या आसपास, पुढे गेलं की झीज परत वाढते, कारण पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळे होतात. पिठलं करताना बेसन भसकन टाकलं की गुठळ्या होतात, आणि मग कितीही घोटा, तसंच हे. आम्ही हे स्वतः करून पाहिलंय, रबाळ्याच्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मी स्वतः पावडर आणून १८ किलोच्या बकेटमधे काठीने ढवळली, किती टाकावी याचा अंदाज नव्हता म्हणून जरा सढळ हाताने टाकली, आणि तीन दिवसांत कन्व्हेअरचं बेअरिंग कुरकुर करायला लागलं. अर्धा टक्का म्हणजे १८ किलोला फक्त ९० ग्रॅम हो, हे गणित मी नंतर केलं.

म्हणून मिसळायचं काम ग्रीस बनवणाऱ्यावरच सोडा. तो पावडर आधी तेलात नीट पसरवतो, कधी पापुद्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ओलेइक अॅसिडसारखं काहीतरी लावून, मग रोलर मिलमधून काढतो.

आणि ग्राफीन म्हणून जे विकतात ते ग्राफीन असतंच असं नाही. २०१८ मधे ६० कंपन्यांचे नमुने तपासले गेले, तर बहुतेकांमधे ग्राफीन १० टक्क्यांपेक्षाही कमी निघालं, बाकी बारीक ग्राफाइटच. त्यामुळे सेल्समनला विचारा, सरासरी थर किती, रमन टेस्टचा (लेझरचा प्रकाश टाकून पापुद्रे किती थरांचे ते बघतात ती) रिपोर्ट आहे का. तो गप्प झाला की समजा.

दुसरा रिपोर्ट मागा तो फोर-बॉल टेस्टचा. तीन स्टीलच्या गोळ्या खाली पक्क्या, चौथी वर फिरते, १२०० आरपीएम, ४० किलो लोड, ७५ डिग्री, एक तास, मग खालच्या गोळ्यांवरचा घासलेला डाग मायक्रोस्कोपखाली मोजतात. डाग जेवढा लहान तेवढं ग्रीस भारी. पण तुलना त्याच ग्रीसशी झाली पाहिजे, फक्त ग्राफीन न घातलेल्या, नाहीतर कशाशीही तुलना करून काहीही दाखवता येतं.

मागून कोणीतरी विचारतंय, जुन्या ग्रीसवरच मारलं तर चालेल का? नको. साबण वेगळा असला तर दोन्ही ग्रीस पातळ होऊन बाहेर गळू शकतात. बेअरिंग साफ करा, पहिले एकाच मोटरवर लावा, तापमान वहीत लिहा. आणि एक त्रास आधीच सांगून ठेवतो, हे ग्रीस पहिल्या दिवसापासून काळं असतं, त्यामुळे आपला जुना फिटर बोटावर घेऊन रंग बघून सांगायचा ना, साहेब ग्रीस जळलं, ते आता चालणार नाही, नमुना लॅबलाच पाठवावा लागेल.