दोन बाण, नारळाची रांग आणि आमचा लाईनचा ग्रुप

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. काय दिसते यात? लोक धावून राहिले, एक दुकान फोडून राहिले, कोणीतरी शिव्या देऊन राहिला. वर लिहिलंय, "आपल्याच तालुक्यातलं आहे, आज संध्याकाळचं, जागे व्हा." आता आवाज बंद करा अन् दुकानाच्या मागे बघा. नारळाची झाडं आहेत. एखादं नाही, रांगच्या रांग. राजेहो, आपल्या वऱ्हाडात अशी रांग कुठं पाहिली तुम्ही? आपल्या बांधावर बाभूळ असते, निंब असते, फार तर चिंच.

रामराम, सलाम, जयभीम.

हा व्हिडिओ मला गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी आला, रात्री साडेनऊला. अर्ध्या तासात पाच ग्रुपवर तोच. आमच्या गावात दोन वस्त्या, मधात नाला. एरवी त्या नाल्यात ढोरं उतरतात तरी पाय भिजत नाहीत, पण त्या रात्री तो वर्धा नदीएवढा रुंद झाला होता. इकडं पारावर पोट्टे जमले. तिकडंही जमलेच होते, फक्त आम्हाला दिसत नव्हते.

अन् तेवढ्यात लाईनच्या ग्रुपवर एक व्हॉईस नोट आली.

हा ग्रुप काय ते आधी सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. शेतीच्या पंपाची थ्री फेज लाईन एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. कधी येते, कधी जाते, कोणाच्या बापाला माहीत नसते. म्हणून एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, पंपवाल्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यावर "आली", "गेली", "डीपी जळाली", बस. दुसरं काही नाही. पण डीपी एकच, म्हणून दोन्ही वस्त्यांचे शेतकरी त्यात आहेत. तर नाल्यापलीकडच्या एका चाचांची नोट आली, "भाऊ, हा व्हिडिओ तुमच्याकडं आला का? आमच्याकडं आलाय, तुमच्या लोकांनी आमचं दुकान फोडलं म्हणून."

व्हिडिओ तोच होता. फक्त वरचा मजकूर उलटा.

ते ऐकून पारावरचे पोट्टे पहिल्यांदा चूप झाले. मग आमच्या एका काकांनी चाचांना व्हिडिओ कॉल लावला. दोघं आपापल्या पारावर उभे, दोघांनी फोन गोल फिरवला. इकडं गर्दी, तिकडं गर्दी, फुटलेलं दुकान कुठंच नाही. तिकडचा एक पोरगा मधेच ओरडला, "काका, माझी फवारणीची टाकी कधी देता?" इकडं हशा पिकला. कोणी भाषण दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे नशिबानं झालं. बरोबर आहे, आमच्याकडं नशिबानंच झालं. पण हेच काम ठरवून करणारे लोक जगात आहेत. केनियात ताना नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. तिथं पोकोमो लोक शेती करतात, ओर्मा लोक गुरं पाळतात. शेतात गुरं घुसण्यावरून अन् पाण्यावरून त्यांचं जुनं वैर. आपल्याकडं उभ्या पिकात बकऱ्या घुसल्या की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. २०१२-१३ मध्ये तिथं शंभराहून जास्त माणसं मेली, अन् त्या आगीत अफवांनी तेल ओतलं. त्यानंतर तिथं एक सेवा सुरू झाली, नाव 'उना हाकिका'. स्वाहिलीत त्याचा अर्थ, "तुझी खात्री आहे का?" काही कानावर आलं की लोक एसएमएस करायचे किंवा फोन लावायचे. गावागावात दोन्हीकडची माणसं नेमलेली. ती चौकशी करायची, अन् खरं असेल तर खरं, खोटं असेल तर खोटं असा निरोप परत लोकांच्या फोनवर जायचा. साधे बटनवाले फोन, राजेहो. ॲप नाही, काही नाही.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. ते लोकांना "शांत राहा" असं सांगत बसले नाहीत. "शांत राहा" म्हटल्यानं आजवर कोणी शांत झालंय का? घाबरलेल्या माणसाला माहिती लागते, अन् ती ओळखीच्या आवाजात लागते.

आता फोनकडं येऊ. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या डोक्यावर एक बाण असेल तर तो फॉरवर्ड केलेला आहे. दोन बाण असतील तर पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येते, हा नियम एप्रिल २०२० चा. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले. त्याआधी, जुलै २०१८ मध्ये, भारतात पाच चॅटची मर्यादा आली होती. तो महिना आठवतो? १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते, एवढीच अफवा होती.

पण बाण नाही म्हणून मेसेज खरा, असं समजू नका. व्हिडिओ उतरवून घेऊन कोणी नव्यानं टाकला की बाण गायब. म्हणून मी आधी झाडं पाहतो, पीक पाहतो. मग गाडीची पाटी पाहतो. अमरावतीची एमएच २७, यवतमाळची २९, अकोल्याची ३०. "आपल्याच तालुक्यातलं" म्हणतात अन् रस्त्यावर एकही आपली पाटी नाही? दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे? फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाका, जुना असला तर बऱ्याचदा तिथंच सापडते. हे काम पोट्टे आपल्यापेक्षा चांगलं करतात. त्यांना रागवण्यापेक्षा हे काम द्या.

ग्रुपचं नाव 'एकता', 'भाईचारा' असं ठेवू नका. माझा अनुभव आहे, असे ग्रुप दोन महिन्यांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबून मरतात. लाईनचा, कापसाच्या भावाचा, शाळेच्या पालकांचा ग्रुप जगतो, कारण त्याच्यात रोजची गरज असते. अशा ग्रुपमधून दोन्हीकडचे तीन-तीन लोक निवडा. आशाताई असल्या तर फारच चांगलं, त्या दोन्ही वस्त्यांत घराच्या आत जातात. वातावरण तापलं की सेटिंगमध्ये "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" हे सुरू करा. अन् ॲडमिन व्हायला घाबरू नका. ग्रुपमधल्या दुसऱ्यानं काही वाईट टाकलं, तर त्यात ॲडमिनचा हेतू किंवा संगनमत असल्याशिवाय त्याला दोषी धरता येत नाही, असं हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलंच होतं.

अन् त्या निवडलेल्या सहा जणांचे नंबर कागदावर लिहून घरात लावा. खरंच कागदावर. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये दंगल झाली, इंटरनेट बंद. अकोल्यात मे २०२३ मध्ये एका पोस्टवरून पेटलं, इंटरनेट बंद. नेट बंद झालं की अफवा थांबते असं सरकारला वाटते. मला पटत नाही. अफवा तोंडानं चालत राहते, बंद पडते ती खात्री करण्याची सोय. पण बहुतेक वेळा डेटाच जातो, साधा कॉल लागतो. म्हणून कागद.

आता अवघड प्रश्न. बातमी खरीच निघाली तर? कोणाला खरंच मारलं, कोणाच्या पोरीची खरंच छेड काढली, तर? तेव्हा "अफवा आहे" म्हणून झाकू नका. एकदा झाकलं की तुमच्या शब्दावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. काय झालं, कुठं झालं, तक्रार नोंदली का, जखमी कुठल्या दवाखान्यात आहे, एवढंच सांगा. व्हिडिओ पाठवू नका. आपल्याकडं २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली, तिनं बांधाची, वाटणीची पुष्कळ भांडणं मिटवली. पण अत्याचार झालेल्या माणसाला "मिटवून टाक बावा, गावाचं बक्षीस जाईल" म्हणणं याला मी शांतता म्हणत नाही. ते काम पोलीस ठाण्याचं अन् कोर्टाचं. मजुरी, गायरान, स्मशानाची वाट, हे तंटेही फोनवर सुटत नाहीत. फोननं एकच काम करावं, एका रात्रीपुरती खोटी आग लागू देऊ नये.

त्या रात्री अकरापर्यंत पार रिकामा झाला. मी मात्र जागाच होतो, खोटं काहून बोलू. दर दोन मिनिटांनी फोन पाहत होतो. पहाटे पावणेपाचला लाईनच्या ग्रुपवर मेसेज वाजला अन् छातीत धस्स झालं. चाचांचा होता.

"लाईन आली. काकाची मोटर बंद दिसून राहिली, उठवा कोणीतरी."