मिलोची भाकरी

नमस्कार श्रोतेहो.

साल १९७२. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि मी नऊ वर्षांची. पेरलेलं उगवलंच नाही, विहिरींनी तळ गाठला. आई आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आमच्यासारखी किती घरं होती! १९७३च्या मे महिन्यात राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. घरी आजी, धाकटा भाऊ आणि मी. चूल माझ्याकडे आली.

रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आपल्या ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा असतो, भाकरी तळहाताखाली सरसर फिरते. मिलोला विरी म्हणून नव्हती. काटवटीत थापायला घेतली की कडा उलायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे व्हायचे. पहिल्या दिवशी सहांतली एकही धड उतरली नाही. मी चुलीपुढे रडत बसले.

आई आली ती हाताला खडीचा भुगा तसाच घेऊन. रागावली नाही. म्हणाली, "पाण्याला आधण येऊ दे. उकळतं पाणी पिठात ओत, उलथन्यानं कालव, अन् जरा निवलं की मग मळ." आबांनी ते तुकडे जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ताटलीत घेतले, वर येसराचं पातळ कोरड्यास ओतलं. "मोडलेली लवकर भिजती," म्हणाले, आणि पोटभर जेवले.

कामावर सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं वाटायचे. आबा ती धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणायचे. गाठ सुटेपर्यंत भावाचा जीव थाऱ्यावर नसायचा. आजीला दात नव्हते, तिची सुकडी मी पाण्यात भिजवून द्यायचे.

मिलोला लोक नावं ठेवायचे, जनावरांचं खाणं म्हणायचे. मला ते आजही लागतं. आमच्या घरातली पाचही माणसं त्या धान्यावर जगली.

पुढच्या साली पाऊस झाला. माघात खळं झालं, घरात शाळू आला. त्या संध्याकाळी काटवटीपुढे आई बसली आणि आम्ही सगळे चुलीभोवती. पहिली भाकरी तव्यावरून काढून तिनं आराला लावली. टम्म फुगली. आबांनी हात पुढे केला, तशी आजी म्हणाली, "मोडू नका रं इतक्यात. बघू द्या जरा."