वाकड्या अंगणातला नाच

[दृश्य : काळा पडदा. जुना डबा टीव्ही सुरू होतानाचा बारीक आवाज. मग लाकडी पट्टी लावलेलं काळं यंत्र, वर सहा खटके.]

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-8 पद्धतीत टाइप केली तर ती 60 बाइट खाते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, मधल्या मोकळ्या जागांना एकेक. मध्ये एक जागा सोडून तीच म्हण दुसऱ्यांदा लिहिली की झाले 121. आता समजा तुमच्याकडे एकूण 128 बाइटच आहेत. उरले सात. त्यात फार तर 'पण' एवढं मावेल.

एवढ्याच मेमरीच्या एका यंत्रासाठी जगात आजही नवे गेम लिहिले जातात. गेम स्वतः असतो तो वेगळा, कॅसेटमधल्या चिपमध्ये; हे 128 बाइट म्हणजे तो चालू असताना काही लिहून ठेवायची जागा. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही. दिवसभराची नोकरी आटोपून, घरचे झोपल्यावर लोक हे करत बसतात. अंगण वाकडं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यासाठीच तर ते इथे आलेले असतात.

[दृश्य : यंत्राचं झाकण उघडतं. हिरवा बोर्ड, मोजक्या चिपा.]

यंत्राचं नाव अटारी 2600. ते अमेरिकेत बाजारात आलं सप्टेंबर 1977 मध्ये, तेव्हा त्याला म्हणत व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम. त्या काळात मेमरी फार महाग. 160 बाय 192 ठिपक्यांचं चित्र नुसत्या दोन रंगांत साठवायचं म्हटलं तरी 3,840 बाइट लागतात. ते परवडण्यासारखं नव्हतं. मग बनवणाऱ्यांनी सरळ ठरवलं, चित्र साठवायचंच नाही.

म्हणजे टीव्हीवर दिसतं ते चित्र यंत्राच्या आत पूर्ण असं कुठेच नसतं. टीव्हीच्या नळीतला किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवतो, मग खालची, मग त्याखालची. अमेरिकन टीव्हीवर अशा 262 ओळी, सेकंदाला 60 वेळा. किरण ज्या ओळीवर आहे तिथे काय दाखवायचं, ते प्रोग्रॅमनं त्याच क्षणी टीआयए नावाच्या चिपला सांगायचं. पंगतीतल्या वाढप्यासारखं काम आहे. पान समोर आलं की वाढायचं, आणि पुढे सरकायचं. मागच्याला मीठ राहिलं, तर राहिलं.

आणि या चिपकडे वाढायला तरी काय? आठ ठिपके रुंदीचे दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू, आणि मागे जाड ठोकळ्यांची भिंत. बस. कारण बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर 'पाँग' हा चेंडू टोलवायचा खेळ होता आणि रणगाड्यांचा एक खेळ होता. दोन रणगाडे, दोन गोळ्या. त्यापलीकडे कुणी काही मागेल असं त्यांना वाटलं नसावं.

[दृश्य : पडद्यावर सहा आकडी स्कोअर. कॅमेरा हळूहळू जवळ जातो, ठिपके दिसेपर्यंत.]

आता हा स्कोअर बघा. सहा आकडे. प्रत्येक आकडा आठ ठिपके रुंद, म्हणजे 48 ठिपके. यंत्राकडे आठ ठिपक्यांचे खेळाडू मात्र दोनच. मग सहा आकडे आले कुठून?

चिपमध्ये एक सोय आहे. एकच खेळाडू एका ओळीत तीनदा दाखवता येतो. दोन्ही खेळाडू तीन-तीनदा, एकाआड एक मांडले की सहा जागा होतात. पण प्रत्येक जागी आकडा वेगळा हवा. तेव्हा किरण पहिली प्रत काढून पुढे गेला रे गेला, की त्याच खेळाडूचं चित्र बदलायचं, म्हणजे पुढची प्रत नव्या चित्राची निघते. हे ओळीच्या मधोमध, किरण धावत असताना.

एका पूर्ण ओळीला प्रोसेसरच्या घड्याळाचे 76 ठोके मिळतात. एका ठोक्यात किरण तीन ठिपके पुढे जातो. चिपमध्ये एक चित्र लिहायला लागतात तीन ठोके, म्हणजे नऊ ठिपके. आणि आकडा आहे आठ ठिपक्यांचा. प्रत्येक वेळी एका ठिपक्यानं उशीर!

यावरचा उपाय जुना आहे, पण मला अजून त्याचं कौतुक वाटतं. तीन आकडे आधीच चिपला देऊन ठेवायचे. तिच्यात उशिरानं दाखवण्याचे राखीव कप्पे आहेत. उरलेले तीन प्रोसेसरच्या तीन रजिस्टरांत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हाताशी असलेल्या कप्प्यांत, धरून तयार राहायचं. किरण ठरल्या जागी आला की लागोपाठ चार वेळा लिहायचं. आकडे तीन, मग चौथं लिहिणं कशाला? कप्प्यातला शेवटचा आकडा बाहेर ढकलायला. त्यात काय लिहिलंय याला काही अर्थ नसतो.

[दृश्य : निवेदकाचा लॅपटॉप. स्कोअर वाढतोय. अचानक आकडे फाटतात.]

हे सगळं समजलं, असं मलाही वाटलं होतं. मीही असाच एक गेम लिहीत होतो. त्यातला स्कोअर छान चालायचा, पण त्यात 7 आला की आकड्यांचा वरचा अर्धा भाग उजवीकडे फाटायचा. फक्त सातला. आठ आला की सगळं पुन्हा सरळ. दोन रात्री मी सातचं चित्रच तपासत बसलो. चित्रात काहीच चूक नव्हती.

या प्रोसेसरला मेमरी, कॅसेटमधली सुद्धा, 256 बाइटच्या पानांत दिसते. तक्त्यातून वाचताना पान ओलांडावं लागलं, तर एक ठोका जास्त पडतो. माझ्या आकड्यांच्या तक्त्यातला नेमका सात दोन पानांवर फुटला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. एक जास्तीचा ठोका म्हणजे तीन ठिपके, आणि पुढची सगळी पंगत हलली. तक्ता नव्या पानावर सुरू केला, प्रश्न मिटला.

[दृश्य : जुन्या कॅसेटचे लेबल, एकामागून एक.]

अटारीनं 2600 चं उत्पादन 1992 च्या सुरुवातीला थांबवलं. धंदा म्हणून हे यंत्र संपलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1995 मध्ये, एड फेडरमायर या हौशी प्रोग्रॅमरनं 'एडट्रिस 2600' आणला. पडणारे ठोकळे रचायचा खेळ, नव्यानं लिहिलेला आणि खऱ्या कॅसेटमध्ये भरलेला. पुढे 'स्टेला' हा इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर अटारीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आला आणि यंत्र घरी नसलं तरी चालू लागलं. 'बटारी बेसिक' या सोप्या भाषेमुळे तर असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरची अवघड भाषा, न शिकताही गेम करता येऊ लागला.

2010 मध्ये एड फ्राइज यांनी 'हेलो 2600' काढला. हे गृहस्थ पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाचे उपाध्यक्ष होते. मूळ 'हेलो' हा गोळीबाराचा भव्य गेम त्यांच्याच काळात आला. तो अख्खा पसारा त्यांनी चार किलोबाइटमध्ये बसवला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमनं पुढे हा गेम आपल्या संग्रहात घेतला.

या मंडळींत भांडणं नाहीत असं मुळीच नाही. हल्ली कॅसेटच्या आतच एआरएम प्रोसेसर बसवतात, अटारीच्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी वेगवान. चित्रं इतकी देखणी येतात की हे 1977 चं यंत्र आहे यावर विश्वास बसत नाही. मग हा अटारीचा गेम म्हणायचा का? माझं मन चार किलोबाइटवाल्यांकडे झुकतं. पण 1984 च्या 'पिटफॉल टू'च्या कॅसेटमध्येही मदतीला वेगळी चिप होतीच. तेव्हा शुद्धतेचा फार आव आणण्यात अर्थ नाही.

[दृश्य : राखाडी रंगाचा व्हिडिओ गेम, दोन वायरवाले रिमोट, पिवळी कॅसेट.]

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी 'व्हिडिओ गेम' आला तो बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल होता. कार्ट्रिज हा शब्द कुणालाच माहीत नव्हता; ती कॅसेट. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. त्या डब्याच्या पोटातला प्रोसेसरही अटारीच्याच 6502 घराण्यातला. मेमरी मात्र दोन किलोबाइट, म्हणजे आपली म्हण 33 वेळा मावेल. त्यावरही हौशी लोक नवे गेम करतात. 2019 चा 'मायक्रो मेजेस' 40 किलोबाइटचा आहे आणि चार जण एकत्र खेळू शकतात. अटारीवाल्यांच्या मानानं हे लोक बंगल्यात राहतात.

[दृश्य : अंधारी खोली. टीव्हीवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे.]

रात्रीचे पावणेदोन. इम्युलेटर झाला, आता खरं यंत्र, खरी नळी. कॅसेट खोचली. सवयीनं आधी फुंकर मारलीच.

[स्कोअर : 000698. 000699. 000700.]

सात सरळ आला.