चिखलातला हात बर्फावर चालत नाही

मंडळी, तुमच्यातले बरेच जण पावसाळ्यात मुळशी-मावळच्या चिखलात गाड्या घालतात आणि आता जानेवारीत हिमाचलातल्या बर्फाळ लाहौलला निघालेत. तेव्हा गाडीची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. मारुतीची जिम्नी घ्या, नाहीतर कुणी जपून ठेवलेली जुनी जिप्सी घ्या, बर्फात दोन्ही गुणी. अंगाने हलक्या, अरुंद, आणि खरा फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा, कमी वेगाचा पण जास्त ओढीचा गिअर) असलेल्या. घोळ घालतो तो आपला चिखलात तयार झालेला हात.

चिखलात आपण वेग तुटू देत नाही. चाकं जागच्या जागी फिरली तरी फिकीर नसते. टायरच्या खाचांतला गाळ उडतो, खाली टणक जमीन लागते आणि गाडी निघते. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर हेच केलंत, तर चाकाच्या घर्षणाने पाण्याचा पातळ थर सुटतो, तो तिथेच गोठतो, आणि आपणच घोटून तयार केलेली काच चाकाखाली येते. म्हणून दुसऱ्या गिअरवर निघा, क्लच सावकाश सोडा. चाक फिरायला लागलं की पाय उचला, थोडं मागे या, पुन्हा निघा.

टायरचीही तीच गत. हौसेने बसवलेल्या एमटी, म्हणजे चिखलासाठीच्या, टायरचे ठोकळे मोठे, पण त्यांवर बारीक चिरा जवळजवळ नसतात, आणि बर्फाला धरतात त्या चिराच. शिवाय साधं रबर 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर तो हिवाळ्याचा टायर. नसेल तर टायरवर चढवायच्या साखळ्या घ्या. मनालीत भाड्याने मिळतात, पण घेतल्या तिथेच एकदा चढवून बघा. अंधारात बोटं बधिर झाली की कड्या लागत नाहीत. (विंचवर, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्रावर, खर्च केलेल्यांनी हे जरा जास्त मनावर घ्यावं.)

आता उतार. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना मिळणारी ताकद, गाडी पुढे न्यायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. हिशेब करू. ताशी 40 किलोमीटरला कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण 9 मीटरमध्ये थांबते. निव्वळ बर्फावर पकड त्याच्या सातव्या हिश्शाएवढी धरली, तर 60 मीटरच्या पुढे जाते. हे सपाटीवर. दहाला एक असा उतार असेल तर तेवढी पकड उतारानेच खाल्ली. गाडी थांबतच नाही. डिसेंबर 2024 मध्ये मनालीजवळच्या सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या, त्यांत फोर बाय फोरही होत्या.

म्हणून उताराच्या आधीच, गाडी उभी करून, फोर लो टाका आणि दुसऱ्या गिअरवर उतरा. पहिल्यात इंजिन इतकं ओढतं की चाकंच घसरू शकतात. घसरलीच तर ब्रेक सैल सोडा, चाक फिरू द्या, म्हणजे स्टीअरिंग ऐकेल. आणि गाडी डोंगराच्या अंगाला घाला. बर्फाच्या ढिगात रुतलेली गाडी निघते.

अटल बोगदा 9 किलोमीटरचा, आतला रस्ता बराचसा कोरडा. या गाड्यांत मधला डिफरन्शियल (वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळे फोर हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाला) कोरड्या रस्त्यावर वळलात की यंत्रणेला पीळ बसतो. आत टू हाय (फक्त दोन चाकांना ताकद) चालेल, पण लाहौलच्या बाजूचं, सिस्सूकडचं तोंड येण्याआधी, चाकं सरळ असताना, फोर हाय टाका. बाहेर पडताच बर्फ असू शकतो. दुपारी वितळून वाहिलेलं पाणी संध्याकाळी सावलीच्या वळणांवर गोठतं, तेव्हा नुसता ओला दिसणारा काळा रस्ता बर्फच समजा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

शेवटचं, आणि हे गंभीर आहे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी या गावी बर्फात अडकलेल्या गाड्यांत 20हून अधिक माणसं गेली. नुसती थंडी मारते असं नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं आणि इंजिन चालू राहिलं, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही. हीटर लावायचाच झाला तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करा, थोडा वेळच चालवा, काच बोटभर खाली ठेवा. आणि जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं, त्याच्यापुढे बर्फ साचला की ते हलत नाही. तेव्हा फावडं डिकीत नको, पुढच्या सीटजवळ ठेवा.