लिनक्समध्ये डिस्क फॉरमॅट करताय? एंटर दाबायच्या आधी हे बघा

तर मंडळी, ही माझ्या हातात एक टीबीची एक्सटर्नल डिस्क आहे. हिचे दोन भाग करायचेत, एक लिनक्सच्या बॅकअपला आणि दुसरा असा की घरातल्या विंडोज लॅपटॉपला लावला तरी उघडला पाहिजे.

डिस्क लावली की लगेच फॉरमॅटकडे धावायचं नाही. आधी टर्मिनलमध्ये एलएसबीएलके टाका, ही कमांड लावलेल्या डिस्कची यादी दाखवते. हे बघा, स्क्रीनवर एसडीए ४७६.९ जी, ही आतली, आणि खाली एसडीबी ९३१.५ जी, ही आपली. एक टीबीची ९३१ कशी दिसते विचाराल, तर कंपनी हजाराने मोजते आणि ही कमांड १०२४ ने, डिस्क पूर्णच आहे. आकडा नीट बघा, नावावर जाऊ नका, कारण एसडीबी हे नाव त्या डिस्कला कायमचं चिकटलेलं नसतं.

हे मी का एवढं सांगतोय, तर माझ्याकडे एकदा दोन डिस्क लावलेल्या होत्या, मध्ये रीबूट केला आणि दोघींची नावं अदलाबदल झाली, मी वरचा ॲरो दाबून जुनीच कमांड चालवली आणि भाचीच्या बारशाचे फोटो असलेलं पार्टिशन पुसलं गेलं. फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामने बरेच फोटो परत मिळाले पण फाइलची नावं, फोल्डर सगळं गेलं, ताईला ते सांगताना फार वाईट वाटलं. ती कमांड होती एमकेएफएस डॉट व्हीफॅट, म्हणजे फॅट प्रकारात फॉरमॅट करणारी, आणि ती आधीचा डेटा दिसला तरी काही विचारत नाही. ईएक्सटी४ वाली विचारते, पुढे जाऊ का म्हणून, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस वाल्या (या तिन्ही लिनक्सच्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती) तर मायनस एफ दिल्याशिवाय सरळ नकार देतात.

आता पार्टिशन. एफडिस्क कमांडने जीपीटी टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, पहिला भाग ६०० जीबी, उरलेला दुसरा. दुसऱ्याचा टाइप टी दाबून मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा करा, नाहीतर विंडोज त्याला ड्राइव्ह लेटरच देत नाही आणि आपण उगाच केबल बदलत बसतो.

पहिल्या भागाला: सुडो एमकेएफएस डॉट ईएक्सटी४, मायनस मोठा एल बॅकअप, मायनस एम शून्य, आणि शेवटी डेव्ह एसडीबी१. हे मायनस एम शून्य लक्षात ठेवा. ईएक्सटी४ आपण काही सांगितलं नाही तर ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते, सिस्टिमच्या डिस्कवर ते बरोबरच आहे, पण नुसत्या बॅकअपच्या डिस्कवर ६०० मधले ३० जीबी असेच अडकून पडतात.

एक्सएफएस का नाही? मोठ्या फाइलींना उत्तम आहे, रेड हॅट कंपनीने २०१४ मध्ये आपल्या लिनक्सला, आरएचईएल ७ ला, तीच डीफॉल्ट केली, पण ते पार्टिशन नंतर लहान करायचं म्हटलं तर जमत नाही, आणि मला उद्या विभागणी बदलावीशी वाटू शकते. बीटीआरएफएसचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या फाइलींची जपलेली स्थिती, भारी आहेत, त्याच्यावर वेगळा व्हिडिओच लागेल.

दुसऱ्या भागाला फॅट३२ नको, एक फाइल ४ जीबीच्या वर गेली की कॉपीच होत नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ तेवढा सहज असतो. म्हणून एक्सफॅट. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, लिनक्समध्येच तिचा सपोर्ट आहे, फॉरमॅट करायला फक्त एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज टाकायचं आणि एमकेएफएस डॉट एक्सफॅट, डेव्ह एसडीबी२. झालं.

माउंट केल्यावर, म्हणजे तो भाग एका फोल्डरला जोडल्यावर, ईएक्सटी४ वाल्या भागात फाइल टाकायला गेलात की परमिशन डिनाइड येईल. घाबरू नका, नवीन फाइल सिस्टिमचा मालक रूट असतो, माउंट केलेल्या फोल्डरवर चोन (मालक बदलायची कमांड) करून आपलं नाव द्या. एक्सफॅटला हे मालकीचं प्रकरणच नाही. पण तिला जर्नलही, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदही, नाही, मध्येच केबल ओढली तर फाइली बिघडू शकतात. म्हणून आधी यूमाउंट करून डिस्क सोडवायची, मग प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबायचं, मोठी फाइल नुकतीच कॉपी केली असेल तर मिनिटभरही लागतं, तोवर केबलला हात लावू नका.