मिठातील आयोडीन आणि निवडीचा अधिकार

भारतात थेट खाण्यासाठी विकले जाणारे साधे मीठ आयोडीनयुक्त असलेच पाहिजे, असा नियम आहे. किराणा दुकानात ग्राहकाला जाडे किंवा बारीक, स्वस्त किंवा महाग असे हवे ते मीठ निवडता येते. आयोडीन असावे की नसावे, एवढेच त्याच्या हाती ठेवलेले नाही. ज्या देशात १९३० साली मिठावरील सरकारी हक्क मोडण्यासाठी हजारो माणसे तुरुंगात गेली, आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाला, त्या देशात मिठाबाबतची सक्ती अनेकांना खटकावी, यात नवल नाही. हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. त्याला उत्तर द्यायचे, तर हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

या खोऱ्यात गळ्याला मोठी गाठ, म्हणजे गलगंड, असलेली माणसे घरोघर दिसत. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक प्रदीर्घ अभ्यास हाती घेतला. खोऱ्याचे तीन भाग केले गेले. दोन भागांना पोटॅशियमची दोन वेगवेगळी आयोडीनयुक्त संयुगे मिसळलेले मीठ पुरवले गेले आणि तिसऱ्या भागाला साधेच मीठ मिळत राहिले. आरंभी तिन्ही भागांत गलगंडाचे प्रमाण सारखेच, शंभरात सुमारे ३८ होते. काही वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले होते, साध्या मिठाच्या भागात मात्र ते जागचे हलले नव्हते. पुढे त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथील गलगंडही ओसरू लागला. त्या भागातील लोकांनी मधली वर्षे साध्या मिठावर काढली, ही या अभ्यासाची बोचणारी बाजू आहे. आजचे संशोधनाचे निकष तिला सहज मान्यता देणार नाहीत. परंतु आपल्या देशाचे मिठाविषयीचे धोरण ज्या पुराव्यावर उभे राहिले, त्यातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

१९६२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार आहे, अशी तेव्हाची समजूत होती. पाऊस, पूर आणि बर्फ यांमुळे डोंगराळ जमिनीतील आयोडीन वाहून जाते, हे खरे आहे. पण पुढच्या पाहण्यांमध्ये मैदानी आणि पठारी जिल्ह्यांतही त्याची कमतरता आढळली, आणि त्यांत महाराष्ट्रातील जिल्हेही होते. समुद्राचे पाणी आटवून केलेल्या मिठात आयोडीन आपोआप असते, असे आजही अनेकांना वाटते. वास्तविक साध्या समुद्री मिठात ते नगण्य असते, आणि सैंधवातही शरीराची गरज भागेल इतके ते नसते.

१९९२ साली या कार्यक्रमाच्या नावातील गलगंड हा शब्द जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ असे शब्द आले. या बदलाला ठोस कारण होते. गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसते, पण खरे नुकसान दिसत नाही. गर्भाच्या मेंदूची वाढ थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकांवर अवलंबून असते, पहिल्या काही महिन्यांत ही संप्रेरके बाळाला आईकडूनच मिळतात आणि ती तयार होण्यासाठी आयोडीन लागते. आईला आयोडीन तीव्रतेने कमी पडले, तर मूल बहिरे, मुके, मतिमंद किंवा खुंटलेल्या वाढीचे जन्माला येऊ शकते. कमतरता सौम्य असेल, तर मूल वरवर धडधाकट दिसते, मात्र शिकण्याच्या क्षमतेत मागे पडण्याचा धोका असतो आणि त्यामागचे कारण कोणाच्या लक्षातही येत नाही.

निवडीच्या प्रश्नाचा गाभा येथे आहे. आयोडीन नको म्हणणारा प्रौढ माणूस बहुधा फारसे काही गमावत नाही. घरात एकच मिठाचे भांडे असते, त्यातून सगळ्यांचे जेवण होते, आणि निवडीची किंमत मोजतो तो अजून जन्माला न आलेला जीव. ज्याला मत देता येत नाही, त्याच्या वतीने शासनाने हस्तक्षेप करावा, हे मला योग्य वाटते.

मात्र धोरणाची वाट सरळ नव्हती. आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली ती मे १९९८ मध्ये. आरोग्याच्या बाबतीत सक्ती नको, या भूमिकेतून केंद्र सरकारने २००० साली ती उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू केली. मधल्या काळाचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९८-९९ मध्ये ४९ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ होते, आणि सात वर्षांनंतर, २००५-०६ मध्ये, हे प्रमाण अवघे ५१ टक्के होते.

२०११ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा नियम रद्द ठरवला. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आरोग्याला घातक पदार्थ रोखण्यासाठी आहे, साधे मीठ स्वतःहून घातक नाही, म्हणून त्या कायद्याखाली अशी बंदी घालता येत नाही, असा तो निवाडा होता. आयोडीनची गरज न्यायालयाने नाकारली नाही; उलट सरकारला पर्यायी व्यवस्था करता यावी म्हणून नियम आणखी सहा महिने चालू ठेवला. पुढच्याच महिन्यात अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नवे विनियम अमलात आले आणि त्यांत हे बंधन कायम राहिले. लोणची घालणे, मासे खारवणे, जनावरांचे खाद्य किंवा उद्योगधंदे यांसाठी साधे मीठ विकता येते, पण पिशवीवर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो.

सक्ती नसतानाही हे साधते, असे स्वित्झर्लंडकडे बोट दाखवून सांगितले जाते. तेथे १९२२ पासून आयोडीनयुक्त मीठ विकले जाते आणि साधे मीठही दुकानात उपलब्ध असते. पण तेथील मिठाचे उत्पादन मोजक्या हातांत आहे, तर आपल्याकडे कच्छपासून तमिळनाडूपर्यंत असंख्य लहानमोठे उत्पादक आहेत. शिवाय निवड खरी ठरण्यासाठी माहिती हवी, आणि स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहून मिठातले आयोडीन ओळखता येत नाही.

सक्ती केल्यावर शासनाची जबाबदारी मात्र वाढते, आणि या बाबतीत आपण कमी पडलो आहोत. उरण, पेण, वसई येथील किंवा गोव्यात पेडण्याजवळच्या आगरवाड्यातील मिठागरवाल्याला पोटॅशियम आयोडेट, म्हणजे मिठात मिसळायचे आयोडीनचे संयुग, मोठ्या खर्चाचे नाही. एक टन मिठाला ते सुमारे ५० ग्रॅम पुरते. परंतु ते सर्वत्र सारखे मिसळणारे यंत्र, तपासणीची प्रयोगशाळा आणि परवाना त्याच्या आवाक्याबाहेर जातो, आणि पिढ्यानपिढ्या खाण्यासाठी मीठ पिकवणाऱ्या माणसाला आपला माल मासे खारवण्यासाठी म्हणून विकावा लागतो. सहकारी तत्त्वावर एकेका खाडीसाठी आयोडीन मिसळण्याचे केंद्र उभारले, तर त्याला आपले मीठ पुन्हा जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचवता येईल.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर स्त्रीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. घरात पोहोचलेल्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असे मानक आहे; म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम मिळतात. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. या दोन सल्ल्यांचा मेळ घालण्यासाठी मिठातील आयोडीनचे प्रमाण वेळोवेळी तपासून बदलावे लागते. ज्यांना थायरॉइडचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऐकीव माहितीवरून अख्ख्या घराचे मीठ बदलू नये.

२०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात सुमारे ७६ टक्के घरांत पुरेसे आयोडीन असलेले मीठ आढळले. उरलेल्या घरांतील बऱ्याच मिठात आयोडीन होते, पण अपुरे. काही ठिकाणी ते मुळातच कमी मिसळले गेले, काही ठिकाणी ओलावा, ऊन आणि उघडी साठवण यांत घटले. मिठावर चाचणीसंचातील द्रावणाचा एक थेंब टाकला की ते निळसर जांभळे होते, आणि रंगाच्या गडदपणावरून आयोडीनचा अंदाज येतो. ही साधी चाचणी शाळेत, अंगणवाडीत आणि आठवडी बाजारात नियमित व्हावी, आणि कमी आयोडीनचे मीठ सापडल्यास त्याची विचारणा मोठ्या कंपनीपासून पुड्या बांधून विकणाऱ्या ठोक व्यापाऱ्यापर्यंत सर्वांकडे सारख्याच कठोरपणे केली जावी.