वॉर्डाबाहेर, वॉर्डात

हे शवविच्छेदनाचं दालन. एरवी या टेबलांभोवती उभं राहायला जागा नसते आणि फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे कॉलेज बंद झालं आणि मुलं घाईघाईने गावी गेली. कित्येकांचे बोन सेट, म्हणजे अभ्यासाच्या हाडांचे संच, हॉस्टेलच्या खोलीतच राहिले.

ही 2019 ची तुकडी, एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिलीच. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याची रुग्णाशी गाठ घालून द्यायची, हा त्यातला मोठा बदल. वर्ग ऑनलाइन झाले आणि गाठ पडली ती मोबाइलशी.

आता हा हात बघा. डाव्या हाताचं मधलं बोट सपाट टेकवलेलं, त्यावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठोका. मनगट सैल. छाती अशी ठोकून तपासतात. फुप्फुसात हवा असली की ठोका घुमतो, भोवती पाणी साचलं की बद्द वाजतो. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र दोन्ही सारखेच. म्हणून घरी बसून शिकणारी ही विद्यार्थिनी कधी कपाटाचं दार ठोकते, कधी धान्याची कोठी, कधी धाकट्या भावाची पाठ. हा फरक कानाइतकाच बोटालाही कळावा लागतो, आणि त्यासाठी आजारी माणसाची छाती लागते.

इंटर्नचं, म्हणजे शेवटची परीक्षा देऊन रुग्णालयात काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांचं, उलटं. रुग्णच रुग्ण, पण एकाच आजाराचे, कोविडचे.

वॉर्डात जाताना आधी सॅनिटायझर, मग शू कव्हर, आतले ग्लोव्हज, अंगभर पोशाख, एन-95, गॉगल, बाहेरचे ग्लोव्हज, फेस शील्ड. एक जोराचा उच्छ्वास. गॉगलवर वाफ धरली, तर मास्क नाकाशी सैल आहे. पाठीवर मार्करने नाव, नाहीतर कोण कोणाला ओळखणार? आत गेलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवी नाही. किट उतरवताना तर जास्तच जपायचं: ओढाताण नाही, दर टप्प्याला हात स्वच्छ, मास्क आणि शू कव्हर पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि फेस शील्ड लाल पिशवीत. हेही शिक्षणच, आणि ते पक्कं झालं. ऑक्सिजनवर नजर ठेवणं, रुग्णाला पालथं झोपवणं, नातेवाइकांना फोन करणं, सगळं हातात बसलं.

3 मे 2021 ला केंद्राने शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही सौम्य रुग्णांच्या देखरेखीसाठी घ्यायचं ठरवलं. 100 दिवस कोविड ड्यूटी केली की सरकारी भरतीत प्राधान्य. नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, लांबली ती थेट सप्टेंबरात, आणि प्रवेशांना जानेवारी 2022 उजाडला. सर्जरी आणि प्रसूतीच्या वॉर्डातल्या बुडालेल्या पोस्टिंगचं काय, ते कोणी बोललं नाही.

इंटर्नशिपनंतर बंधपत्राची, म्हणजे बाँडची, सरकारी सेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री अडलेली बाई आली, तर ड्यूटीवर असतो तो हाच डॉक्टर.